सातही गल्ल्या वाचल्या

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला कामावर असताना पाहिले असेल, असे वाटत नाही. मी एक जुना फ्लॉपी ड्राइव्ह आहे. संगणकाच्या दर्शनी बाजूला एक आडवी फट, फट बंद करायला छोटी दांडी आणि शेजारी एक तांबडा दिवा, एवढेच माझे रूप. फ्लॉपी म्हणजे काळ्या, चौकोनी पाकिटातली पातळ, लवचीक चकती. माणसे तिच्यावर माहिती साठवत. ती माझ्या तोंडात सरकवून दांडी फिरवली की दिवा लागे, चकती गरगर फिरू लागे, आणि माझे डोके तिच्यावरून पुढेमागे सरकत सगळी माहिती वाचून संगणकाला सांगे. वाचायचे आणि सांगायचे, हेच माझे आयुष्य होते.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. पण मला संगणकात बसवले ते अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात, १९८७ साली. शकु नावाच्या मुलीने माझे चार स्क्रू पिळले, एक फ्लॉपी घालून पाहिली आणि कान देऊन माझी घरघर ऐकली. "आवाज झकास आहे याचा," ती शेजारणीला म्हणाली, "हा टिकतोय बघ." माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. अजून मला ती जशीच्या तशी आठवते.

तिथून मी मुलुंडला आलो. डॉक्टर चंद्रप्रकाश तिथे आरोग्याचा अभ्यास करणारे एक छोटे केंद्र चालवत. दोन खोल्या, एक कपाट, एक छापणारे यंत्र आणि आमचा संगणक. संगणकापुढे दोघी बसत. उत्तराताई वयाने मोठ्या. त्या कागदावरची माहिती टाइप करत. त्यांची बोटे इतकी चपळ होती, की टाइप करता करता त्या गावाकडच्या गोष्टीही सांगत. दुसरी रत्नप्रभा, भांडुपची, तेवीस वर्षांची. तिचे वडील गिरणीत होते. संप झाला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि घरात सगळ्यांत जास्त शिकलेली म्हणून रत्नप्रभाकडे सगळे बघू लागले. ती आकडेवारीचे प्रोग्रॅम लिही. एखादे काम जमले की खुर्चीतच गोल फिरून म्हणे, "उत्तराताई, चहा माझ्याकडून!" मला ती रोज सकाळी फडक्याने पुसत असे.

पहिले वर्ष असे सुखात गेले. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात घाटकोपरच्या पिंपळटेकडीवर कावीळ पसरली.

पिंपळटेकडी म्हणजे सात गल्ल्यांची वस्ती. आधी एका घरात, मग चार घरांत, मग रोजच नवा रुग्ण. पाचव्या गल्लीतली वसुधा सात महिन्यांची गरोदर होती. तिला रुग्णालयात न्यावे लागले तेव्हा वस्ती हादरली. भीती वाढली, की माणसे कारण शोधू लागतात, आणि कारण सापडले नाही, की माणूस शोधतात. पिंपळटेकडीला सोनूबाई सापडली.

सोनूबाई शेवटच्या, सातव्या गल्लीत राहायची. साताऱ्याकडून येऊन तिला दोनच वर्षे झाली होती. उन्हाळ्यात ती हातगाडीवर ताक विकायची. "हिच्या ताकानंच झालं सगळं," असे कुणीतरी म्हणाले, आणि दोन दिवसांत ते सगळेच म्हणू लागले. तिची गाडी उलटी करून ठेवली. नळावर तिच्यापाशी कुणी उभे राहीना.

डॉक्टर म्हणाले, "असं उगाच नाव घेऊ नका. आम्ही घरोघर विचारून सांगतो." केंद्राच्या कार्यकर्त्यांनी सातही गल्ल्या पालथ्या घातल्या. कोण आजारी, पाणी कुठले पिता, ताक घेता का, सगळे फॉर्मवर लिहून आणले, दर माणशी एक फॉर्म. उत्तराताईंनी दहा दिवस बसून ते टाइप केले. प्रत्येक गल्लीची फ्लॉपी वेगळी. "एक बिघडली तर एकच गल्ली जाईल, सगळी वस्ती नाही," हा त्यांचा नियम. अशा सात फ्लॉप्या तयार झाल्या.

सभेचा दिवस उजाडला. सभा चार वाजता टेकडीवर होती. सकाळी दहा वाजता रत्नप्रभा माझ्यासमोर बसली. आधी आकडेवारीच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी, मग एकेक गल्ली. "पहिली घाल," असे पडद्यावर आले, की ती पहिली घाली. "दुसरी घाल," की दुसरी. मी मन लावून वाचत होतो. चौथीला थोडा अडखळलो, पण दुसऱ्या खेपेला तीही वाचली. सातवी संपली. छापणारे यंत्र खरखरले आणि एक कागद बाहेर आला. आजारी माणसे एकतीस. त्यांतली एकोणतीस सोनूबाईचे ताक पिणारी.

रत्नप्रभाने त्या एकोणतीसवर बोट ठेवले. मग हळूच म्हणाली, "म्हणजे लोक म्हणतात ते खरं निघालं."

डॉक्टरांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण आकडे आहेत. मी आधी रुग्णालयात वसुधाला बघून येतो, तिथून परस्पर सभेला जातो." आणि ते निघून गेले.

मित्रांनो, मी तेव्हा काय सांगू शकलो असतो? मी सातही गल्ल्या वाचल्या होत्या. एकतीसपेक्षा कितीतरी जास्त आजारी माणसे माझ्या डोक्याखालून गेली होती. ती कुठे गेली, हे मला कळेना. पण मला विचारणारे कुणी नव्हते, आणि सांगायला मला तोंड असूनही जीभ नव्हती.

दुपारी एकच्या सुमारास दारात एक बाई उभी राहिली. अंगावर धुतलेले नऊवारी लुगडे, पायांत चप्पल नाही.

"आकडं काढणारी बाई हितंच असती का?"

"मीच. तुम्ही?"

"म्या सोनूबाई. पिंपळटेकडीची."

रत्नप्रभा उठून उभी राहिली. तिने खुर्ची पुढे केली, पण सोनूबाई बसली नाही.

"न्हाय, उभीच बरी हाय. एकच इचारायचं व्हतं. माझं ताक म्या पहिल्या गल्लीतल्या बोअरिंगच्या पाण्यानं करती. सातव्या गल्लीच्या नळाला पाणीच न्हाय येत धड. ह्ये म्या सगळ्यांस्नी सांगितलं, कुणी ऐकंना. मशीन सांगंल त्ये म्या ऐकीन, बाई. ताकानं झालं आसंल तर गाडी मोडून टाकीन. पर सगळ्यांचं मोजलंसा न्हवं? निस्त्या आमच्याच गल्लीचं न्हाय ना?"

"सगळ्यांचं मोजलंय मावशी. सातही गल्ल्या," रत्नप्रभा म्हणाली, आणि खात्री पटवायला तिने कागदाची दुसरी प्रत उचलली. "हे बघा, इथं वर आकडा असतो. एकूण माणसं... एकशे शहाण्णव."

शेजारच्या टेबलावर कागद लावणाऱ्या उत्तराताईंचे बोट थबकले. "किती?"

"एकशे शहाण्णव."

"काहीतरीच काय! हजाराच्या वर माणसं मी स्वतः टाइप केलीत. दहा दिवस माझी बोटं काय उगाच दुखतायत?"

रत्नप्रभा ताडकन कपाटाकडे वळली. तिने सातव्या गल्लीचे फॉर्म ओढून काढले आणि मोजले. एकशे शहाण्णव.

"वाट लागली," ती पुटपुटली. "उत्तराताई, फक्त सातवी गल्ली मोजली गेलीय."

तिने आपला प्रोग्रॅम उघडला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. तेव्हा मलाही उलगडा झाला. मी वाचलेली प्रत्येक गल्ली संगणक एकाच पाटीवर लिहीत होता. दुसरी लिहायच्या आधी पहिली पुसत होता, तिसरीच्या आधी दुसरी. शेवटी पाटीवर उरली एकटी सातवी. तिथे जवळजवळ सगळेच सोनूबाईचे ताक पिणारे, मग आजारीही तेच दिसणार! मी सात वेळा खरे सांगितले होते, आणि सहा वेळा ते पुसले गेले होते. नवी माहिती जुनीच्या जागी ठेवायची नाही, तर जुनीच्या खाली जोडायची, एवढे एकाच ओळीत सांगायचे राहून गेले होते.

"मावशी," रत्नप्रभा म्हणाली, "चूक झाली. माझी चूक आहे. तुम्ही विचारलंत म्हणून..."

"मग आता पुन्यांदा मोजा की," सोनूबाई म्हणाली आणि खाली फरशीवर बसली.

ओळ दुरुस्त झाली. पहिली फ्लॉपी, दुसरी, तिसरी. मी सगळा जीव एकवटून वाचत होतो. चौथी आली आणि मी अडलो. पुन्हा घातली, पुन्हा अडलो. पडद्यावर सारखे तेच, "वाचता येत नाही."

"फ्लॉपीच गेली वाटतं," रत्नप्रभा रडकुंडीला आली. "आता ती गल्ली परत टाइप करायची? दोन वाजलेत. डॉक्टर तिथं कागद वाचून दाखवतील हो!"

मित्रांनो, फ्लॉपी चांगली होती. दोष माझा होता. वर्षभराची बारीक धूळ माझ्या डोक्यावर बसली होती. रत्नप्रभा मला बाहेरून पुसत असे, पण आत कुणी पाहिले नव्हते. एका निरपराध बाईचे नाव माझ्यावर अडून राहावे, याची मला जेवढी लाज वाटली, तेवढी आधी कधी कशाची वाटली नव्हती.

"थांब गं, घाबरू नकोस," उत्तराताई म्हणाल्या. "आमच्या रेडिओच्या टेपचं डोकंही असंच घाण होतं, मग गाणी चिरकतात. हा त्याचाच भाऊ की नाही?" त्यांनी संगणक बंद केला, झाकण काढले, काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला आणि माझ्या डोक्यावरून हलकेच फिरवला. कापूस काळा झाला. दुसरा घेतला, तो करडा. तिसरा पांढराच राहिला. गार, स्वच्छ असे काहीतरी माझ्यातून गेले.

पुन्हा पहिलीपासून सुरुवात झाली. चौथी फ्लॉपी आली. दिवा लागला, चकती फिरली, आणि मी एका दमात ती वाचली! पाचवी, सहावी, सातवी. रत्नप्रभाने आधी एकूण आकडा पाहिला. एक हजार चारशे ऐंशी. तिने तरीही फॉर्मच्या सातही गठ्ठ्यांवरचे आकडे कागदावर मांडून बेरीज केली. एक हजार चारशे ऐंशी.

"आता छाप," उत्तराताई म्हणाल्या.

आजारी माणसे शहाण्णव. त्यांतली ब्याण्णव चौथ्या, पाचव्या आणि सातव्या गल्लीतली. चौथ्या-पाचव्या गल्लीला पायऱ्या आहेत, तिथे ताकाची गाडी चढतच नाही. उलट पहिल्या-दुसऱ्या गल्लीत दीडशे माणसे रोज ताक पीत होती, आणि त्यांतली आजारी फक्त दोन. मग त्या तीन गल्ल्यांमध्ये सारखे काय होते? तिघींचे पाणी एकाच जुन्या, जमिनीखालच्या टाकीतून येत होते.

"मावशी, ताक नाही," रत्नप्रभा म्हणाली. "टाकी आहे."

सोनूबाईने पदर तोंडाला लावला. मग तिने माझ्या फटीकडे बघत विचारले, "ह्यानं वाचलं व्हय समदं? एवढंसं तोंड, अन् सगळी वस्ती वाचली!"

उत्तराताई हसल्या. रत्नप्रभा मात्र कागद घेऊन दाराबाहेर पडलीसुद्धा होती. सोनूबाई तिच्यामागे धावली. रिक्षाचा आवाज आला आणि खोलीत मी आणि उत्तराताईच उरलो. तो दुपारचा वेळ जाता जाईना.

पुढचे मी दुसऱ्या दिवशी ऐकले. त्या दोघी टेकडीवर पोचल्या तेव्हा डॉक्टर बोलायला उभे राहिले होते, कागद हातात होता. रत्नप्रभाने सगळ्यांदेखत तो मागून घेतला. "हा चुकीचा आहे. चूक माझी आहे. बरोबर कागद हा," असे ती मोठ्याने म्हणाली. काही माणसे खवळली. "बाई आली म्हणून आकडे फिरवले काय?" असेही एकाने विचारले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "टाकी लांब नाही. चला, उघडून बघू." दहा-पंधरा जणांनी मिळून झाकण उचलले. पाणी उपसले तेव्हा भिंतीला वीतभर चीर दिसली, आणि शेजारच्या गटाराचे पाणी तिच्यातून झिरपत होते. ज्यांनी गाडी उलटी केली होती, त्यांतल्याच दोघांनी ती सुलटी केली.

टाकी बंद झाली. पाणी उकळून पिणे सुरू झाले. महिन्याभरात नवे रुग्ण थांबले. वसुधा बरी झाली आणि श्रावणात तिला मुलगी झाली. त्या दिवशी डॉक्टरांनी पेढे आणले, आणि पुडा नेमका माझ्यावरच ठेवला. त्या वजनाने मला किती हलके वाटले म्हणून सांगू!

त्यानंतर मी सहा वर्षे काम केले. दर शनिवारी माझे डोके स्पिरिटने पुसले जाई. पुढे लहान, कडक पाकिटाच्या फ्लॉप्या आल्या, माझ्या तोंडात त्या मावेनात. संगणक भंगारात निघाला. मला मात्र रत्नप्रभाने स्वतः स्क्रू काढून ठेवून घेतले. मध्ये बरीच वर्षे मी एका खोक्यात अंधारात पडून होतो. कुणी आठवण काढत नव्हते. वाईट वाटे, पण राग आला नाही. आता ती महाविद्यालयात आकडेवारी शिकवते, आणि मी तिच्या टेबलावर असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी जी यंत्रे असतील त्यांना बाहेरून चमकवताना कधी आतही डोकावा. आमच्यातली धूळ आम्हाला सांगता येत नाही. आणखी एक मागणे आहे. यंत्र अर्धे वाचूनही पूर्ण वाचल्याच्या थाटात उत्तर देते, त्याला संकोच ठाऊक नाही. तो तुम्हाला असू द्या. कुणाच्याही नावाने काही ऐकाल, कुणाकडे बोट दाखवणारा कागद हातात येईल, तेव्हा तो पुढे देण्याआधी एकदाच थांबा आणि विचारा, "सगळ्यांचं मोजलं ना?" ते विचारायला एका बाईला अनवाणी घाटकोपरहून मुलुंडला यावे लागू नये.