दोन बोटं खाली

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे. माझा मूळ रंग निळा होता, आता तो विचारू नका. तरुणपणी मी चांगली उंच होते आणि त्या उंचीचा मला तोरा होता. रोपांची नर्सरी चालवणाऱ्या आईंनी मला घेतलं. रोपं, कुंड्या, मातीची पोती यांनी माझी पाठ सदा भरलेली असायची. "माझी गाडी गुणाची आहे," असं त्या ज्याला त्याला सांगायच्या आणि मी आतल्या आत फुगायचे.

मग आईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या हिंडूफिरू लागल्या, डॉक्टरांनी गाडी चालवायलाही परवानगी दिली, पण पाय काही माझ्या पायरीपर्यंत उचलेना. लेक उचलून बसवायला गेली, तर म्हणाल्या, "मी काय सिमेंटचं पोतं आहे? माझी मी चढू शकले नाही, तर गाडी विकून टाक." आईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी शेडमध्ये धूळ खात पडले. तेव्हा मला माझ्याच उंचीचा राग आला.

लेक वेल्डर होती. "तू वर चढू नकोस, गाडीलाच खाली आणते," ती म्हणाली. तिने आईंना पाय उचलायला लावला आणि तो सहज गेला तिथे भिंतीवर खडूने रेघ ओढली. मग आपलं जड वेल्डिंग मशीन आणि लोखंडी प्लेटा माझ्या पाठीवर लादून ती मला वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. तिथे पोचल्या पोचल्या तिने माझी मापं घेतली. माझा भार पेलणारे पोलादी पाटे ज्या ब्रॅकेटांत अडकतात, ते ब्रॅकेट तिने नव्याने बनवले. आधी पुठ्ठ्याचे, मग जाड प्लेटचे. पाटे वर सरकले की माझं अंग खाली येणार होतं.

शेजारचा टायरवाला म्हणायचा, "म्हातारीला शर्यतीत उतरवतेस की काय?"

"उतरवीन. टायर तू दे," ती मान वर न करता सांगायची.

काम झालं. आई आल्या. त्यांनी दार उघडलं, पाय उचलला आणि बोटं पायरीच्या कडेला अडली. दोनच बोटांचं अंतर राहिलं होतं.

"गाडीचा दोष नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "माझा पायच कमी पडतोय. विकून टाक."

माझा जीव टांगणीला लागला. लेक पुन्हा पुन्हा टेप लावून बघत होती. मग तिने कपाळावर हात मारला.

"पाय नाही आई, माझं माप चुकलं. मापं घेतली तेव्हा मशीन गाडीतच होतं. ओझ्याने ती दबली होती, आता रिकामी झाल्यावर वर आली. मी सगळं परत कापते."

आई माझ्या मोकळ्या पाठीकडे बघत राहिल्या. "ही रिकामी कधी फिरली होती गं? कुंड्या भर."

"आणि परत येताना?"

"येताना माती आणू."

कुंड्या चढत गेल्या तशी मी दबत गेले. आईंनी पाय उचलला, पायरीवर ठेवला आणि कुणाचाही हात न धरता आत बसल्या. किती दिवसांनी त्यांचे हात स्टिअरिंगवर आले. मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, जुन्यांची धूळ पुसा, तेलपाणी करा, पण त्यांना नुसतं जपून ठेवू नका. सोसेल तेवढं ओझं त्यांच्या पाठीवर राहू द्या. लेक अजूनही ब्रॅकेट परत कापायचं म्हणते. दारात मातीचा डोंगर झालाय, तरी आईंना ते ऐकूच येत नाही.