उलटं सील

जावयाने पाना सासऱ्यापुढे केला. "तुम्हीच खोला. सगळ्यांसमोर."

जुन्या जीपचं मागचं चाक उतरवलेलं होतं. ड्रम तेलाने माखला होता आणि ब्रेकच्या पट्ट्या ओल्याचिंब. उतारावर ब्रेक धरलाच नाही, जीप कुंपणावर आदळली, हेच ड्रायव्हर आल्यापासून सांगत होता.

म्हाताऱ्याने ॲक्सल ओढून काढला. बेअरिंग ठणठणीत होतं, पण तेल अडवणारं सील उलटं. स्प्रिंगची बाजू आत तेलाकडे हवी, ती बाहेर होती.

"नवशिकाही असं बसवत नाही," जावई म्हणाला. "आणि चूक दाखवा, त्या दिवशी पाना खाली ठेवतो, असं कोण म्हणालं होतं?"

म्हातारा म्हणाला होता खरा, छाती ठोकून. पाना सुटला की दारातलं स्टूल आणि लोकांची कीव, एवढंच उरणार होतं.

उलटं असलं तरी सील अगदी सरळ बसलेलं होतं, कुठे पोचा नाही. जावयाच्या हातून एकही सील ठेचल्यावाचून बसत नसे. म्हाताऱ्याने ते उचकटून काढलं. कडेला गुलाबी रेघ होती.

कड घट्ट बसावी म्हणून तो तिला शेलॅक, म्हणजे लाखेचं रोगण, लावायचा. लेक शाळेत असताना एकदा शेलॅक संपलं, तर पोरीने आपलं नेलपॉलिश आणलं. तो पोट धरून हसला होता. सील बसवताना नेलपॉलिश लावायची तिची सवय मात्र कायमची राहिली.

परवा सील बसवून तो जेवायला गेला होता. येईपर्यंत लेकीने ॲक्सल चढवून ठेवला होता. "कशाला त्रास घेता, बाबा," ती म्हणाली तेव्हा त्याला किती बरं वाटलं होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे त्याने आजवर दुसऱ्यांच्या घरांबद्दलच ऐकलं होतं.

"जीपमध्ये कोण होतं?" त्याने ड्रायव्हरला विचारलं. पाहत होता कपाटापाशी उभ्या लेकीकडे.

"मालकांची पोरं. नशीब, नुसतं खरचटलं."

लेकीने नजर हलवली नाही.

त्याने चिंधी थिनरमध्ये बुडवली, रेघ जाईपर्यंत कड पुसली आणि सील जावयाच्या हातात दिलं.

"माझंच चुकलं."

"मी कधीची सांगतेय," लेक नवऱ्याला म्हणाली, "बाबांना दिसत नाही आता."

नवं सील घेऊन ती चाकापाशी बसली. खिशाकडे गेलेला तिचा हात अर्ध्यावर थांबला.

"शेलॅक कुठे ठेवलंय, बाबा?"

त्याने डबी शोधून आणली. झाकणही उघडून दिलं.