भिंतीआडचा स्विच

"ओसरीम्हाच लाव," मगनभाई म्हणाले. "सैपाकघरम्हा परत पाय ठेवाना नही. काल तू मझार गया, तर मायनी अख्खं घर तीनदा धोयं."

लोटन वायरमनने हातातला दांड्याचा लोखंडी स्विच खाली ठेवला. "तेच सांगी ऱ्हायनू, मगनभाई. ज्या घरम्हा चूल रोज सारवतस, तठे शेगडी भी रोज धोवतीन. धोताना स्विच डोयासमोर पाहिजे. भीतना मांगे कोनी दांडा वर करा, तर मझारलीले कसं कयी?"

"आनि फ्यूज उडना म्हणजे तू परत मझार येशी. ते चालाव नही."

नंदुरबारात वीज येऊन फार वर्षं झाली नव्हती. महायुद्धामुळे तांब्याची तार मिळेनाशी झाली होती, तरी मगनभाईंनी हट्टाने मुंबईहून विजेची शेगडी आणली. सारंगखेड्याला त्यांची केळी-कपाशी आणि शहरात हे घर. हौसेला मोल नसतं. शेगडी भिंतीतल्या तारेला कायमची जोडलेली, ओढून काढावा असा प्लग तिला नव्हता. बंद करायची तर स्विचनेच. आणि मगनभाईंच्या आई रुक्मिणीबाईंच्या सोवळ्यापुढे वीज कंपनीच्या साहेबाचंही काही चाललं नसतं, तिथे लोटनचं काय चालणार? त्याने स्विच आणि फ्यूज ओसरीच्या भिंतीवर शेजारी शेजारी ठोकले, वीज सोडली आणि जेवायला घरी गेला.

धनुबाईने भाकरी वाढली. तो एकच घास चघळत बसला.

"काय व्हयनं?" तिने विचारलं.

"काही नही."

काही नाही म्हणणाऱ्या नवऱ्याला बायको बरोबर ओळखते. "नथ्थूभाऊ याद वना का?" ती म्हणाली, आणि लोटन भरल्या ताटावरून उठला.

नथ्थू त्याचा जोडीदार. अकरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या शहरातल्या एका कापसाच्या जिनात मोटरीच्या तारा जोडताना तो विजेने गेला. भिंतीपलीकडून कुणीतरी दांडा वर केला होता. पंचनाम्यात 'कुणीतरी' असंच लिहिलं गेलं आणि लोटनही सगळ्यांना तेच सांगत आला होता. धनुबाईलासुद्धा.

उन्हात तो भराभर चालत सुटला. आपण उगाच घाबरतोय, असं स्वतःला बजावत होता आणि पाय आणखी उचलत होता.

मगनभाईंची ओसरी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरली होती. त्यांचा चुलतभाऊ छगन स्विचपाशी उभा राहून सगळ्यांना नवलाई दाखवत होता. दांडा वर, दांडा खाली. "वहिनी, तापनी का?" त्याने भिंतीकडे तोंड करून विचारलं आणि दांडा पुन्हा खाली घेतला. लोक हसले.

लोटनला मधल्या दारातून आतलं दिसलं. मगनभाईंची बायको तापीबाई ओट्यापाशी वाकली होती. उतू गेलेलं दूध ती ओल्या फडक्याने शेगडीवरून पुसत होती. छगनचा हात दांडा वर करायला परत गेला.

लोटनने त्याला ढकललं ते थेट खांबावर. दांडा खालीच दाबून धरला, फ्यूज उपसून काढला.

"येडा व्हयना का रे?" मगनभाई ओरडले.

उंबऱ्यात रुक्मिणीबाई येऊन उभ्या राहिल्या. "परत कसाले वना तू?"

"माय, मन्हा जोडीदार नथ्थू जिनम्हा मरना. तो मोटरना तठे, मी भीतना मांगे." त्याने फ्यूज मुठीत आवळला. "दांडा मी वर करा. माले वाटनं त्यानी हाक मारी. त्यानी हाक मारेल नव्हती."

एवढ्या माणसांसमोर बोललेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कंपनीत पोचणार आणि उद्या कदाचित नोकरी राहणार नाही, हे लोटनला कळत होतं. तरी छातीवरचा धोंडा हलल्यासारखं त्याला वाटलं. रडूही येत होतं.

रुक्मिणीबाईंनी सुनेच्या हातातल्या ओल्या फडक्याकडे पाहिलं. मग त्या आत वळल्या. विटाळू नयेत म्हणून पिण्याच्या पाण्याचे हंडे त्यांनी स्वतः उचलून देवघरात नेले, लोणच्याच्या बरण्या नेल्या, पिठाचा डबा नेला.

"फ्यूज भाहेर ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "स्विच मझार लाव. तापीना हात पुरी तठे."

"माय, पन..." मगनभाई म्हणाले.

"तू गप ऱ्हाय."

लोटनने पाय धुतले आणि आत गेला. कोरड्या भिंतीवर, शेगडीपासून दोन हातांवर त्याने स्विच बसवला. तापीबाई पदर पुढे ओढून कोपऱ्यात उभी होती. "बहीण, आधी दांडा खाले, हात कोरडा ठी," तो म्हणाला. "मंग फडकं, मंग पानी." तिने हात कोरडा करून दांडा एकदा स्वतः वर केला, खाली केला आणि शेगडी तापावी म्हणून पुन्हा वर ठेवला.

तो बाहेर आला तसं मधलं दार त्याच्यामागे लागलं. ओसरीत त्याने फ्यूज जागेवर बसवला आणि पिशवी खांद्याला अडकवली. तेवढ्यात आतून रुक्मिणीबाईंचा आवाज आला, "वत पानी. पूरं धोय."

त्याचे पाय लागलेली जमीन धुतली जाणार होती, हे त्याला ठाऊक होतं. इतकं सांगून झाल्यावरही ते त्याला लागलं. तरी तो गेला नाही. भिंतीपाशी कान देऊन उभा राहिला.

आत आधी दांडा खट् असा खाली पडल्याचं वाजलं. मग पाणी ओतल्याचा आवाज आला.