वेगळा वर्ग

गाडीच्या पोटाखालची तांब्याची बारीक वेणी एका बाजूनं विसकटली होती आणि छगन नखाच्या टोकानं ती नीट करत होता – एकेक तार ओढून, चपटी करून, पुन्हा शेजारच्या तारेला चिकटवून... ही वेणी खाचेच्या कडेच्या पत्र्यावर घासली की वीज वर चढते आणि वीतभरही लांब नसलेली ती तांबडी गाडी लाकडी ट्रॅकवर खाचेतून पळत सुटते. आत्ता ती पळत नव्हती. आत्ता ट्रॅकभोवती खुर्च्या मांडून माणसं नियम ठरवायला बसली होती, आणि छगनला मान वर करायची नव्हती. कारण समोर मच्छिंद्र बसला होता.

भिंगारात आसारामच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागं ही खोली होती. छावणीतला एक कॅप्टन बदली होऊन जाताना विलायतेहून आणलेला ट्रॅक आणि मूठभर गाड्या राधाकृष्ण सरांच्या हवाली करून गेला, तेव्हापासून दर रविवारी दुपारी इथं क्लब भरे. सर निवृत्त ड्रॉइंग मास्तर. छगन आणि मच्छिंद्र लष्कराच्या वर्कशॉपात फिटर, एकाच दिवशी लागलेले.

"मुद्दा असा आहे," सर म्हणाले, "गाडी कंपनीनं दिली तशीच पळवायची, की तिच्यात बदल करू द्यायचे? टायर घासले तर चालेल का? पुढं शिसं लावून वजन वाढवलं तर? आणि आतल्या मोटरची तार बदलली तर?"

शेवटचा प्रश्न विचारताना सर कुणाकडंच बघत नव्हते. बघायची गरजही नव्हती. तार बदललेली गाडी क्लबात एकच होती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत... छगनच्या घरी, चुलीपासून हातभर अंतरावर दोघं मांडी घालून बसलेले, मूळची केसासारखी तार उलगडून टाकलेली, आणि छगन जाड तार गुंडाळतोय – वेढे थोडे, पण घट्ट, म्हणजे मोटर तापेल पण पळेल – आणि मच्छिंद्र मोठ्यानं मोजतोय. मधेच छगनची आई गोजरबाई काहीतरी विचारायच्या आणि मच्छिंद्र ओरडायचा, "आई, बोलू नका ना, माझा आकडा चुकतो!" मग सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. गोजरबाईंनी दोघांना एकाच ताटात भाकरी वाढली होती, कारण दोघांचेही हात काळे होते आणि दोघंही उठायला तयार नव्हते. संक्रांतीच्या शर्यतीत ती गाडी अशी पळाली की आसाराम तोंडात बोट घालून बघत राहिला.

आणि त्याच संध्याकाळी परत येताना – मच्छिंद्र सायकल मारत होता, छगन मागं कॅरिअरवर – समोर नुसती पाठ होती, आणि पाठीला सांगणं सोपं असतं... छगन म्हणाला, "मला मुक्ता आवडती."

धाकट्या बहिणीचं नाव ऐकलं आणि मच्छिंद्रचं पायडल थांबलं. उतारावरनं सायकल आपली आपण जात राहिली.

"तिला बोलला का कधी?" मच्छिंद्रनं विचारलं.

"न्हाई. तुलाच पहिलं सांगतोय."

उतार संपला, पायडल पुन्हा फिरू लागलं तेव्हा मच्छिंद्र म्हणाला, "बघू."

त्या एका 'बघू'वर छगननं अख्खा उन्हाळा काढला. आपल्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, आणि मच्छिंद्रच्या घरात मात्र ते देव अजून देव्हाऱ्यात बसलेले आहेत, हे काय त्याला कळत नव्हतं? पण हाच मच्छिंद्र वर्कशॉपात जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांशी भांडायचा – हे सगळं जुनं झालं, आता कोण बघतं – आणि छगनच्या डब्यात हात घालून खायचा, मुद्दाम, सगळ्यांसमोर. 'बघू' म्हणजे तो बघेल. एवढं साधं होतं ते.

मग एक दिवस तो म्हणाला होता, "मुक्ताचं लग्न झालं. खर्ड्याला दिली. दुष्काळ हाय, घरातल्या घरात उरकलं." छगननं मान हलवली होती. यंदा लोक खडी फोडायला जातायत, कुठलं आलंय मानपान... तेही त्यानं खरं मानलं. आसारामनं मध्येच एकदा सहज विचारीपर्यंत – "खर्ड्याला काय जेवण हुतं! यष्टी भरून गेल्तो आमी. तू कसा दिसला न्हाईस रं?"

"तार बदलली की ती कंपनीची गाडी ऱ्हातच न्हाई," आसाराम आत्ता म्हणत होता. "मंग बाकीच्यांनी कशाला पळवायचं?"

छगननं मान वर केली. "टायर घासलेले चालतात. शिसं लावलेलं चालतं. आतलंच तेवढं चालत न्हाई?"

त्याला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. सर चष्मा पुसू लागले आणि म्हणाले, "मच्छिंद्र, तुम्ही सांगा. तुम्हाला दोन्ही बाजू ठाऊक आहेत."

मच्छिंद्र खुर्चीत सावरून बसला.

"माझं म्हणणं असं – छगनरावांच्या गाडीवर अन्याय नको. गाडी चांगलीच हाय. पण मूळच्या गाड्यांत मूळच्याच असाव्यात. बदललेल्यांचा वेगळा वर्ग करू. त्यांनी त्यांच्यात पळावं."

छगनराव.

छगन्या होता तो, काल-परवापर्यंत, आणि रागावला की नुसता 'ए'... हे राव कुठून आलं? इतक्या अदबीनं, जणू कुणी दारातल्या माणसाला पाट दिला, पण पाट उंबऱ्याबाहेर मांडला. आणि त्यांनी त्यांच्यात – हे बोलताना त्याचं त्याला ऐकू आलं का? छगन त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. तोंड सरळ होतं, समजूतदार होतं, भलं करणाऱ्या माणसाचं असतं तसं. फक्त कान लाल झाले होते. म्हणजे ऐकू आलं. बोलून झाल्यावर आलं.

"उत्तम," सर खरोखरच सुटल्यासारखे म्हणाले. "कुणाचंच मन दुखायला नको. हात वर करा."

हात वर झाले. मच्छिंद्रचा जरा उशिरा.

"विरोधात?"

ती तार तूच मोजली होतीस – एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर सगळे मच्छिंद्रकडं वळले असते, आणि त्या लाल कानांचं काय झालं असतं ते छगनला बघवलं नसतं. त्यानं हात गाडीवरच ठेवला.

"एकमतानं मंजूर," सर म्हणाले. "छगन, तुझ्या वर्गात सध्या तू एकटाच. होतील हळूहळू बाकीचे."

बाहेर ऊन कलतं झालं होतं. मच्छिंद्र वाकून सायकलचं कुलूप काढत होता, आणि कुलूप निघायला नको तितका वेळ लागत होता.

"आई बरी हाय ना?" त्यानं कुलपाकडं बघतच विचारलं.

"हाय."

"येतो एकदा."

"ये."

छावणीच्या भिंतीकडेनं छगन चालत निघाला. मुक्ता आठवावी, असं त्यानं ठरवलं. रडायचंच तर तिच्यासाठी रडता येईल, त्या रडण्याला नाव आहे, लोकांना ते कळतं... पण आठवायला गेलं तर दारात धरलेला पाण्याचा तांब्या, आणि 'दादा आत हाय' एवढे तीन शब्द. तिचा आवाज कसा होता? बारीक? तिनं आपल्याकडं कधी नीट पाहिलं तरी होतं का? त्यानं दोनदा-तीनदा दाबून पाहिलं, दुखरा दात दाबून पाहावा तसं, आणि तिथं काही दुखेना. तो घाबरला. इतके दिवस आपण तिथं हात धरून बसलो होतो. दुखत होतं ते भलतीकडंच. आणि त्याला काय म्हणायचं? जिवंत आहे, रोज वर्कशॉपात भेटणार आहे, आईची चौकशी करणार आहे – अशा माणसासाठी कोण सुतक धरतं?

कुणाला तरी सांगायला हवं होतं. बाप गेला तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, अंगात ताप असताना काहीबाही भास झाले तेव्हासुद्धा, जे जे झालं ते आधी एकाच माणसाला सांगायची सवय जिभेला लागलेली. आणि आत्ताही जिभेवर आपोआप वाक्य आलंच – मच्छ्या, आज लई वाईट झालं रे... – तेव्हा छगन थबकला. वर्कशॉपातल्या ओळखीच्या सायकली घंटी वाजवत बाजूनं जात राहिल्या, आणि ते वाक्य तोंडात तसंच धरून तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला.