नालीकाठचा उपद्रव

मी उपद्रव बोलतोय. घाबरू नका, मी नुसता शब्द आहे. नगरपरिषदेच्या कायद्यात, व्याख्यांच्या पानावर माझा जन्म झाला. जिवाला धोका होईल अशी जागा, वस्तू, केलेलं कृत्य किंवा न केलेलं काम, असा माझा अर्थ. न केलेलं कामसुद्धा! वाटलं होतं, आपण लोकांच्या कामी येऊ.

पण कचेरीनं मला सोडलं ते भाजीवालीच्या टोपलीवर, नाहीतर कुणाच्या कोंबड्यांवर.

यंदा अकोला-अमरावती रस्त्यालगतच्या एका तालुक्याच्या गावात मला मायाच्या दारी धाडलं. तिची लेक पिंकी नुकतीच उभी राहायला लागलेली, आणि दारासमोर कमरेएवढी खोल उघडी नाली. झाकणासाठी मायानं तीन अर्ज दिले. बी.ए. झालेली बाई, पण 'विनंती'ची वेलांटी चुकली म्हणूनच काम अडलं असेल, असं तिला वाटायचं. शेवटी तिनं स्वतःच नालीवर फरशी टाकली.

आठव्या दिवशी नोटीस: 'सदर फरशी हा उपद्रव असून तीन दिवसांत काढावी.'

नोटीस आणणाऱ्या खुशालराव शिपायाला सासूनं, सुंदराबाईनं, दारातच धरलं.

"काहून गा खुशाल, नाली उघडी ठेवली तं चालते, अन् झाकली का उपद्रव?"

"मावशी, मी काय करू? वरून आलं."

"वरून तं नळाचं पाणीबी आठ-आठ दिवस येत नाही. कागद बरा येते!"

माया मात्र पुटपुटली, "माहीच चूक असन. इचारून टाकाले पायजे होती."

ते ऐकून मला संताप आला. गुन्हा कुणाचा, आणि मान कोण खाली घालतंय!

चौथ्या दिवशी कचेरीची माणसं फरशी उचलून घेऊन गेली. संध्याकाळी मायाच्या कडेवरून पिंकीची चप्पल निसटली आणि नालीच्या काळ्या गाळात दिसेनाशी झाली. नुसती चप्पल. मग मायानं मोबाईलवर कायदा उघडला. 'न केलेलं काम' दोनदा वाचलं. आत जाऊन गेरू आणला, आणि नालीच्या कठड्यावर हातभर अक्षरांत मला लिहिलं. खाली नालीकडे बाण काढला.

"आत्याबाई, 'द्र' बरोबर आला न?" तिनं सासूला विचारलं.

"वाचता येते न? मंग बरोबर हाय."

जन्मात पहिल्यांदा मी माझ्या जागेवर बसलोय. आता कठडा विद्रूप केल्याची नोटीस निघेल म्हणे. निघू द्या. पण साहेब, मला पुसायला याल तेव्हा फडकं नको, झाकण आणा. ते बसलं की मला तिथं काही कामच उरणार नाही.

आणि जरा लवकर या. पिंकी काल चार पावलं चालली. उंबऱ्यापासून नाली सहा पावलांवर आहे.