टेबलावर एकच डबा

मित्रांनो, मी एक जुना हातप्रेस आहे. छापखान्यातला नव्हे, काडतुसं भरणारा. अमेरिकेत, मोंटानातल्या मर्ल गुस्ताफसनच्या गॅरेजात मी जाड लाकडी टेबलाला बोल्टांनी आवळलेला आहे. ओतीव लोखंडाचा, हिरव्या रंगाचा. रंगाचे आता पोपडे निघालेत, आणि स्वभाव म्हणाल तर तो सदा तापलेला असतो. का, ते सांगतो. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

मर्लच्या वडिलांनी मला आणलं. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकायची नसते, बरं का. ती माझ्यात उभी करायची, दांडा ओढायचा, की ती पुन्हा मापात येते. मग तिच्या बुडाशी प्रायमर बसवायचा. प्रायमर म्हणजे टिकलीएवढी टोपी, ठिणगी तीच देते. मग मापून बंदुकीची दारू, वर गोळी. झालं नवं काडतूस, तेही दुकानातल्यापेक्षा कितीतरी स्वस्तात.

शनिवारी व्हर्न यायचा. मर्लचा शेजारी, शाळेपासूनचा दोस्त. त्याने स्वतःचा प्रेस कधी घेतलाच नाही. "तुझा आहे ना, मग मला कशाला?" म्हणायचा. पण जाताना न मागता काहीतरी ठेवून जायचा. कधी प्रायमरची डबी, कधी दारूचा डबा. रविवारी दोघं नेमबाजी क्लबच्या टेकडीवर जाऊन लोखंडी पाट्यांवर नेम धरायचे, आणि नेम चांगले लागले की परत येऊन माझ्या डोक्यावर थाप मारायचे. काय दिवस होते ते!

माझ्यामागच्या भिंतीवर मर्लच्या वडिलांनी एक फळी ठोकली होती. तिच्यावर रंगाने लिहिलं होतं, 'टेबलावर एकच डबा.' दारूच्या जाती पुष्कळ. दिसायला सगळ्या सारख्याच करड्या कण्या, पण एक सावकाश जळते आणि दुसरी भडकन. दोन डबे शेजारी आले की घोटाळा झालाच म्हणून समजा. आणि ज्या डब्यावर नाव नाही, ती दारू बंदुकीत भरायची नाही. ती जायची मर्लच्या बायकोच्या, डार्लाच्या गुलाबांना, खत म्हणून.

मग भाव चढायला लागले. आधी प्रायमर मिळेनात, मग मिळाले ते तिप्पट भावाने. दारूचा डबा बघून डार्ला म्हणाली, "एवढ्यात तर माझं महिन्याचं वाणसामान येतं!" दुकानदाराला कारण विचारलं की तो खांदे उडवायचा. कधी म्हणे लढाई, कधी निवडणूक, कधी कारखाना बंद. मला कारणं सांगू नका! माणसांनी भीतीपोटी घरं भरली, म्हणून दुकानं रिकामी झाली. दुकानं रिकामी झाली, म्हणून माणसं आणखी घाबरली. आणि ह्या घाबरटांच्या जिवावर काहींनी धंदा मांडला.

व्हर्न त्यातलाच निघाला. दुकान उघडण्याआधीच हा दाराशी हजर. तळघर छतापर्यंत भरलं त्याने, आणि शनिवारी येणं बंद केलं.

सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीची नेमबाजीची मॅच तोंडावर आली. बक्षिसाची ढाल मर्लच्या वडिलांच्या नावाची, आणि मर्लने ती मॅच कधीही चुकवली नव्हती. खणाच्या तळाशी थोडे प्रायमर होते, पण दारू संपत आलेली. शेवटी त्याने व्हर्नला बोलावून घेतलं.

"एक डबा दे, व्हर्न. फक्त एक."

"देतो की. पण बाजारात भाव काय चाललाय, माहितीये ना तुला?"

"मला भाव सांगतोस? मला? ह्याचा दांडा ओढता ओढता म्हातारा झालास, लेका!"

"हे बघ, दोस्ती वेगळी, धंदा वेगळा."

"चालता हो इथनं."

मी लोखंडाचा, तरी माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मर्लचा ताठा मोठा. त्याने व्हर्नपुढे पुन्हा तोंड उघडलं नाही. गावात कुणा मयताच्या अंगणात जुन्या सामानाची विक्री होती, तिथून त्याने कॉफीच्या पत्र्याच्या डब्यातली दारू आणली. डब्यावर नाव नाही, गाव नाही. त्याने ती बोटांत चोळली, हुंगली आणि म्हणाला, "रंग तोच, कणी तीच. आपलीच जात आहे."

"गुलाबांना टाक ती," डार्ला म्हणाली.

"आजच्या भावात? त्यापेक्षा सोन्याचं पाणी घालतो त्यांना!"

"मग वडिलांनी ती फळी काय शोभेला ठोकलीय?"

मर्लने फळीकडे पाठ केली. आपल्या डब्यातली उरलीसुरली दारू आणि ही नवी, दोन्ही डबे टेबलावर! मला तोंड असतं तर असा ओरडलो असतो की छप्पर उडालं असतं. पण मी प्रेस. दांडा खाली आला की मला दाबावंच लागतं.

कॉफीच्या डब्यातली दारू भडकन जळणारी निघाली, आणि मॅचमध्ये रायफल फुटली. मर्लचा उजवा डोळा गेला. व्हर्न शेजारीच उभा होता, त्यानेच त्याला गाडीत घालून इस्पितळात नेलं. डार्लाने गॅरेजात येऊन तो कॉफीचा डबा भिंतीवर फेकून मारला आणि माझ्यापाशी बसून रडली.

मग व्हर्न आला. खोकेच्या खोके घेऊन, मान खाली घालून.

"घे, मर्ल. सगळं घे. पैसे नकोत."

"आता?" मर्ल म्हणाला. "आता काय लोणचं घालू ह्याचं?"

खोके टेबलाखाली पडून राहिले. मला गंज चढला. हिवाळा सरला, बर्फ वितळलं, आणि एका शनिवारी मर्ल गॅरेजात आला. मागोमाग व्हर्न.

"डाव्या डोळ्याने नेम धरायला शिकतो म्हणे," डार्ला दारातून म्हणाली. "डोळा गेला, पण खोड काही गेली नाही!"

एका डोळ्याने मर्लला तराजूचा काटा नीट दिसत नव्हता. म्हणून भरायला बसला व्हर्न. त्याने माझा गंज घासला, तेल दिलं. मला नको होतं त्याचं तेल!

"टेबलावर डबे किती?" मर्लने विचारलं.

"एक."

"नाव वाच. मोठ्याने."

व्हर्नने वाचलं.

मित्रांनो, यंत्राला तेल द्याच, पण ज्या दोस्ताबरोबर ते यंत्र वापरता, त्याला भाव सांगू नका. आणि वस्तू कितीही महाग होऊ दे, बिननावाचा डबा गुलाबांनाच घाला. डोळा कुठल्याच भावात मिळत नाही.

मर्लने व्हर्नला माफ केलंय. मी नाही केलेलं. पण त्या शनिवारी व्हर्नने दांडा ओढला तेव्हा मी ती प्रायमरची टोपी अगदी जपून बसवली. काडतूस मर्ल झाडणार होता.