तळीतला भात

“आनंदीबाईंना काही सांगायला जाऊ नकोस,” भास्कर म्हणाले. “नवरा गेला, मूलबाळ नाही. त्या माशांशिवाय त्यांना आहे कोण?”

मी ऐकलं नाही. राहीला कडेवर घेतलं नि देवळामागच्या तळीवर गेले.

पाऊस उघडल्यापासून तळी हिरवीगार झाली होती, वर साय धरल्यासारखी. देवाचे सगळे मासे वर येऊन आ वासत होते. आनंदीबाई पायरीवर बसून पातेल्यातला भात मुठीमुठीने टाकत होत्या.

“बघ कशी भुकेजलीत लेकरं!”

राहीने लगेच हातातला पोळीचा तुकडा भिरकावला.

“काकू, भुकेले नाहीत ते. वरच्या आमच्या आंब्याच्या कलमांचा युरिया पावसाने तळीत उतरला, त्यावर हे शेवाळ माजलं. ते कुजतं, तुमचा भातही कुजतो, आणि कुजताना पाण्यातली हवा संपते. जीव गुदमरतो म्हणून वर येतात. भात घालू नका हो!”

“तुमच्या कॉलेजातले मासे जेवत नव्हते वाटतं?” त्या म्हणाल्या. “तुझी पोर आ वासून रडते तेव्हा तिला हवा भरवतेस होय गो?”

दर्शनाला आलेल्या बायका हसल्या. त्यांतल्या एकीने माझ्यासमोरच चुरमुऱ्यांचा पुडा तळीत रिकामा केला.

घरी येऊन भास्करना म्हटलं, “निदान तुमची खताची गोणी तरी आवरा.”

“मग आंब्याला काय चुरमुरे घालू?”

तेही हसले. बी.एस्सी. झालेली बायको घरात असावी, पण तिने बोलू नये.

पुढे आभाळ दाटून राहिलं, वारा पडला. मासे दिवसभर वरच. आनंदीबाईंनी भात वाढवला. स्वतःच्या ताटातलाही नेत होत्या, हे मला मागाहून कळलं.

मग एका सकाळी तळी पांढरी दिसली. सगळ्यांची पोटं वर. आनंदीबाई त्याच पायरीवर, रिकामं पातेलं मांडीवर. ‘सांगितलं होतं ना?’ अगदी तोंडाशी आलं होतं माझ्या.

“उपाशी गेली गो,” त्या म्हणाल्या. “माझंच घालणं कमी पडलं.”

आता हवेचं काय सांगू? ते सांगायचं म्हणजे तुमच्या भातानेही गेले, असं सांगायचं.

“आमच्या खतानं गेले, काकू,” मी एवढंच म्हटलं. तेही खरंच होतं. त्यांना पटलं नाही.

तेव्हापासून त्यांनी चूल पेटवलेली नाही. मी डबा नेते, तो तसाच परत येतो. भास्कर म्हणतात, “तरी मी सांगत होतो.” जसं काही मासे मी बोलल्यामुळे मेले!

परवापासून राहीला ताप आहे, मला जाता आलेलं नाही. तुम्ही देवळाकडून जाणार असाल, तर तळीच्या वरचं कौलारू घर त्यांचं. जरा डोकावा. जेवलात का, असं विचारू नका. मला भूक लागलीय, म्हणा.